बाशिंगाची बाजू

कोकणातल्या जुन्या आंब्याखाली एक सल्लागार हमखास भेटतो. "वरचं ते बांडगूळ काढून टाका, झाड खातंय." बोट असतं बाशिंगाकडे.

खरं बांडगूळ आंब्यावर असतंच. फुलटोच्या त्याची फळं खातो, चिकट बी फांदीला पुसतो. ती रुजून साल भेदते, लाकडात शिरते आणि आंब्याचं पाणी ओढते. बाशिंग हा नेचा. त्याला ना फूल, ना बी. बीजाणू वाऱ्यावर येतात. जाड, खवलेदार खोड सालीवरून सरपटतं, मुळं वरवर धरून राहतात. घरात शिरणारा वेगळा, गच्चीवर राहणारा वेगळा.

पानं दोन तऱ्हांची. बुडाशी आखूड, बिनदेठाची. ती लवकर तपकिरी होतात, पण झडत नाहीत. त्यांच्या खोबणीत पालापाचोळा आणि धूळ साठून कुजते. बाशिंग आपली माती फांदीवरच तयार करतं! दुसरी लांब, खोल कातरलेली, हिरवी. त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके. कोरड्या दिवसांत या पानांची पाती गळून नुसते दांडे उरतात. सल्लागाराला वाटतं, मेलं. खोड जिवंत असतं.

अशी माती कुणाकुणाला पोसते? बोर्निओतल्या सबाहच्या जंगलात घरट्याच्या आकाराचा एक मोठा नेचा उंच झाडांवर वाढतो. मार्टिन एलवूड आणि विल्यम फॉस्टर यांनी 2004 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की, अशा एका नेच्यातल्या किडामुंगीचं एकूण वजन झाडाच्या बाकीच्या शेंड्यातल्या किडामुंगीइतकं भरू शकतं.

मात्र 'बाशिंग झाडाचं काहीच घेत नाही' ही वकिली टिकत नाही. त्यानं अडवलेला पाचोळा खाली पडला असता, तर आंब्याच्याच मुळांना मिळाला असता. अमेरिकेतल्या अशाच वृक्षवासी वनस्पतींबद्दल डेव्हिड बेन्झिंग यांनी 'पोषणाची चाचेगिरी' असा शब्द वापरला. शिवाय पावसात भिजलेल्या गड्ड्याचा भार किडक्या फांदीला झेपत नाही. म्हणजे सल्लागार थोडासा बरोबर, कारण मात्र चुकीचं.

तेव्हा बाशिंगाला निष्पाप ठरवण्याचा आटापिटा सोडलेला बरा. ते वाटेत अडवतं, हे कबूल. पण अडवलेल्यातून ते उंचावर माती घडवतं, आणि झाडाच्या अंगातलं पाणी शोषत नाही. फांदी किडकी असेल तर भार उतरवा. धडधाकट झाडावरचं बाशिंग राहू द्या. कोयता चालवायचाच असेल, तर नारिंगी फुलांच्या बांडगुळावर चालवा, तेही फळं धरण्याआधी.