माळवदाची दाटी, टॉवरची उंची

गेल्या मार्गशीर्षात सोलापुरात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते माझे जुने मित्र, व्यवसायानं वास्तुविशारद. त्यांनी पडद्यावर कॅनडातलं व्हँकुव्हर दाखवलं. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे काचेचे सडपातळ टॉवर. मग अक्कलकोट रस्त्यालगतच्या शेतांत पडलेले प्लॉट दाखवले आणि म्हणाले, "जमीन वाचवायची तर माणसं वर चढवा. सोलापूरनं चढवावीत, अक्कलकोटनं चढवावीत, उद्या दुधनीनंही." दुधनी माझं गाव, म्हणून ते नाव त्यांनी माझ्याकडे बघून घेतलं. सभागृह हसलं. मला राग आला होता, आणि रागात उत्तर सुचत नाही. वर्षभर ते मनात घोळतंय, म्हणून इथं लिहितो.

त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली: उंची आणि दाटी. व्हँकुव्हरचा वेस्ट एंड म्हणजे टॉवरांनी भरलेला भाग. जागा सुमारे दोन चौरस किलोमीटर, आणि २०१६ च्या गणनेत माणसं सुमारे ४७ हजार. आता मुंबईचा सी वॉर्ड घ्या, म्हणजे भुलेश्वर, काळबादेवीचा भाग. जागा त्याहून थोडी कमीच, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं सुमारे १ लाख ६६ हजार. तिथल्या जुन्या इमारती बहुतेक चार-पाच मजल्यांच्या. बुटक्या भुलेश्वरात उंच वेस्ट एंडच्या तिपटीहून जास्त माणसं राहतात. मग माणसं मावण्यासाठी वर चढावंच लागतं, हे कुठून आलं?

चित्रात आणखी एक गोष्ट दिसत नव्हती. व्हँकुव्हरच्या मध्यवस्तीत दोन टॉवरांमधे साधारण ८० फुटांचं अंतर ठेवायचा दंडक आहे. वरच्या मजल्यांचा पसारा साधारण साडेसहा हजार चौरस फुटांत आवरतात. शहरातून डोंगर दिसत राहावेत म्हणून काही ठिकाणी इमारतींची उंचीच छाटतात. टॉवर सुंदर दिसतो तो भोवतीच्या मोकळ्या हवेमुळे. आपण ती हवा टाकून नुसता टॉवर आणला. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कित्येक इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा ऊन-वारा न पोचणारे खालचे मजले आणि क्षयरोग यांचा संबंध पुढे आला. ऐंशी फूट आणि दहा फूट यांतला फरक त्या व्याख्यानात यायला हवा होता.

इथं मला शिरीष पटेलांबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण या प्रश्नावर त्यांच्याइतकं स्वच्छ मला कुणी शिकवलं नाही. पटेल स्थापत्य अभियंते. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांचा, १९६५ चा. त्याच सुमारास चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. तिचीच पुढे नवी मुंबई झाली. म्हणजे त्यांना बांधकामाची भीती होती, असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांचं सांगणं असं की एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हा प्लॉटवरच्या बांधकामाचा आकडा आहे, माणसांचा नव्हे. एक हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्या, एफएसआय तीन धरा. तीन हजार चौरस मीटर बांधकाम उभं राहिलं. माणशी चाळीस चौरस मीटर वापरणारी कुटुंबं तिथं आली तर पंचाहत्तर माणसं राहतील. माणशी दहा चौरस मीटरांत भागवणारी आली तर तीनशे. इमारत तीच, जिना तोच, समोरचा रस्ताही तोच. फक्त त्या रस्त्यावर चौपट पावलं. श्रीमंत देशातला एफएसआय गरीब शहराला लावला की नेमकं हे होतं, आणि मॅनहॅटनचा दाखला देणारे नेमकं हेच मोजत नाहीत.

म्हणून पटेल गर्दीची फोड करत. घरातली गर्दी वेगळी, रस्त्यावरची वेगळी, बागेतली-शाळेतली वेगळी. मजले वाढवले की माणशी चटई वाढू शकते. माणशी रस्ता, माणशी मैदान मात्र घटतंच, कारण जमीन वर चढत नाही. मला हे वाचून पहिल्यांदा वाटलं, की माझ्या मनातल्या अस्वस्थतेला कुणीतरी मोजपट्टी दिली.

पण याच जागी माझी गाडी अडते, आणि ते लपवणं बरं नव्हे. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली, चाळीस मजली टॉवरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पटेलांचा या योजनेवरचा आक्षेप मला पटतो: इतकी माणसं त्याच जमिनीवर आणखी उंच रचली की खालचा रस्ता गुदमरतो. पण १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या, सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला मी रस्त्यावरच्या गर्दीचं गणित कोणत्या तोंडानं सांगू? दार लावून एकटं बसता येणं तिला पहिल्यांदा मिळतंय. घरातली गर्दी आणि बाहेरची गर्दी एकाच तराजूत घालायची, तर पारडं कुणी धरायचं? माझ्या मते, आजवर घरातली गर्दी जिनं सोसली तिनं.

आता दुधनी. हद्दीवरचं गाव, एका वाक्यात कानडी, दुसऱ्यात मराठी. रेल्वे स्टेशन, तूर-उडदाची बाजारपेठ, आणि मधे जुनं गावठाण. आमचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि पांढऱ्या मातीचा थर, उजेडासाठी मधोमध साणं. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. उन्हाळ्यात सगळी आळी माळवदावर झोपायची. अव्वा, म्हणजे आई, पहाटे माळवदावरूनच पलीकडच्या काकूंना हाक मारायची आणि विरजण मागायची. गल्ली बैलगाडीपुरती, त्यामुळे दुपारी एका बाजूला हमखास सावली. एका मजल्यात, फार तर दोन मजल्यांत, माणसं दाटीनं राहत होती आणि शिवार मोकळं होतं. मित्राला जी काटकसर व्हँकुव्हरमध्ये सापडली, ती आमच्या गावठाणानं लिफ्टशिवाय केली होती.

एवढं लिहून थांबलो असतो तर मीही त्यांच्यासारखंच अर्धं चित्र दाखवलं असतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत सुमारे आठ हजार माणसं गेली. ती ज्यांच्याखाली गेली ती घरं आमच्यासारखीच होती. तेच दगड, तीच माती, तेच जड माळवद. त्या पहाटे आमच्या घरातही भांडी खाली आली होती. त्यानंतर अव्वा कित्येक महिने आत झोपली नाही. तिकडे मग नवी गावं वसवली ती दाटीच्या भीतीनं. सुटी घरं, रुंद सरळ रस्ते, जुन्या गावाच्या कित्येक पट जागा. मी त्यांतल्या एका गावात गेलो आहे. भर दुपारी रस्त्यावर सावलीचा एक तुकडा नाही. एक आजी म्हणाल्या, "शेजारीण आहे, पण हाकेवर नाही." भिंत पडली म्हणून शेजारही दूर नेला. दोष दगडाच्या जोडाईत होता. शिक्षा वस्तीच्या विणीला झाली.

दुसरी गोष्ट त्याहून जड. मी ज्या एका भिंतीचं कौतुक करतो, ती भिंत कुणाकुणात सामाईक होती? आळ्या जातीच्या होत्या. काही घरं गावठाणाच्या त्या उबदार दाटीत नव्हतीच. ती गावाबाहेर होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावलं, ते माझ्यासारख्यांनी माळवदाची आठवण लिहिताना समोर ठेवायला हवं. तेच बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत सुमारे दोन दशकं राहिले. चाळीत दारिद्र्य होतं, कोंडमारा होता. पण गावाची वेस नव्हती. शहराच्या दाटीत माणूस अनोळखी होऊ शकतो, आणि ज्याला ओळखीनंच छळलं त्याला ते अनोळखीपण म्हणजे श्वास आहे. लेख सुरू केला तेव्हा मी टॉवरच्या विरोधात होतो. आता इतकंच म्हणतो की जो टॉवर वेस मोडतो त्याच्याशी माझं भांडण नाही. मात्र अमुक आहाराच्या, अमुक समाजाच्या लोकांनाच फ्लॅट देणारी सोसायटी ही वीस मजल्यांची आळीच आहे.

मग आमच्याकडे काय व्हावं? उत्तर शोधायला कॅनडाला जायची गरज नव्हती. व्याख्यान जिथं झालं तिथून कुंभारी जवळ आहे. तिथं विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था करून गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी केली. २००६ मध्ये ती त्यांच्या हाती आली. घर छोटं, पण पायाखाली जमीन आपली. पुढे त्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. विडी वळणाऱ्या बाईला सूप मांडीवर घेऊन चार जणींत दारात बसावं लागतं. तिचा उंबरा हाच तिचा कारखाना. तिला विसाव्या मजल्यावर नेलं तर घर मिळेल आणि कारखाना जाईल. त्याच वेळी हेही खरं, की काळ्या रानात पडणारे सुटे प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे राहतात आणि तूर पिकवणारी जमीन कायमची जाते. इथं मित्राचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. दाटी हवी. पण ती तीन मजल्यांत, भूकंप सोसणाऱ्या बांधणीत, सामाईक भिंतींची, मधे चौक असलेली, आणि कोणाच्याही नावाची आळी नसलेली हवी.

हे सगळं मी मित्राला पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: चौक किती फुटांचा धरायचा आणि गच्चीवर रात्री किती माणसं झोपतात, ते आधी मोजायला हवं, वैशाखात फीत घेऊन येतो. आमच्या आळीत दोनच माळवदं उरली आहेत. त्यांतलं एक मी त्यांच्यासाठी झाडून ठेवणार आहे.