दुसऱ्याचे प्रारब्ध

'नशिबात होतं ते झालं' हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही गावात मयतीच्या घरी ऐकू येते, आणि त्याला हिणवण्याचा अधिकार कुणालाच नाही. क्षयाने खंगून माणूस गेला की मागे उरलेल्यांना उद्या पुन्हा धानाच्या बांधीत उतरायचे असते. ते वाक्य त्यांना धीर देते. पण बाळाला लस टोचायची की नाही हे ठरवतानाच कुणी तसे म्हणाले, की ते सांत्वन राहत नाही, निर्णय होतो. आणि ज्याच्याबद्दल तो घेतला जातो त्याला अजून मानही सावरता येत नसते. प्रारब्ध मानावे की मानू नये, हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा प्रश्न ते मानणाऱ्याच्या बाजूने उभा राहून विचारलेला आहे: माणसाला कोणाचे प्रारब्ध स्वीकारता येते? माझ्या मते फक्त स्वतःचे. स्वतःचे दुःख शांतपणे सोसणे ही साधना होऊ शकते. तेच दुःख दुसऱ्याच्या वतीने मान्य करून टाकणे ही साधना नव्हे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात साथीच्या रोगांनी मुलूखच्या मुलूख का उद्ध्वस्त होतात याचा विचार आहे. तिथे अग्निवेश गुरूंना विचारतो, आयुष्य आधीच ठरलेले असते का? आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मातला प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असते. सगळेच ठरलेले असते तर औषधाला, मंत्राला, चवताळलेल्या जनावरांपासून दूर राहण्याला काही अर्थच उरला नसता. ताडोबाच्या कडेच्या गावांत हा युक्तिवाद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाघाचा माग ताजा दिसला की पक्का दैववादीही वाट बदलतो. पुराणकथेत दक्षाच्या शापाने चंद्राला राजयक्ष्मा, म्हणजे क्षयच, जडतो. शाप प्रजापतीच्या तोंडचा, दोषही चंद्राचाच. तरी कथा त्याला मरायला सोडून देत नाही. तो प्रभासक्षेत्री जाऊन शंकराची आराधना करतो आणि उतारा मिळवतो, पुरता नसला तरी. अपराध्यालाही उतारा शोधण्याची मोकळीक देणारी परंपरा निरपराध तान्ह्या बाळाला ती नाकारील, हे मला पटत नाही.

आता रोगाकडे पाहू. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हापासून हे स्पष्ट आहे की क्षय एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि जातो तो खोकल्यातून, हवेवाटे. संसर्ग झालेल्या धडधाकट माणसांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 टक्केच आजारी पडतात. बाळाचे तसे नसते. त्याची प्रतिकारशक्ती कोवळी असते. जंतू फुप्फुसात न थांबता रक्तातून अंगभर पसरतात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. मग ताप, सुस्ती, झटके, आणि वाचलेच तर अनेकदा कायमचे अपंगत्व. हे जंतू बहुधा घरातूनच आलेले असतात: आजोबांचा महिनोन्‌महिने चाललेला खोकला, पावसाळ्यात दार लावून घेतलेली एकच खोली, आणि त्यांच्याच कुशीत झोपवलेले नातवंड. बीसीजीची लस नेमकी या दोन भयंकर प्रकारांपासून बाळाला वाचवते. जन्मल्याबरोबर, किंवा त्यानंतर जमेल तितक्या लवकर, डाव्या दंडावर कातडीच्या आतच 0.05 मिलिलिटर टोचतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, ती फुटते, काही आठवडे चिघळल्यासारखी दिसते आणि वण ठेवून बरी होते. या फोडाला घाबरून त्यावर पाला बांधायचे कारण नाही. लसीने आपले काम सुरू केल्याची ती खूण असते.

याला एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो अडाण्यांचा नाही. 1930 साली जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात बीसीजी दिलेली 72 बाळे दगावली. 1955 मध्ये राजगोपालाचारींनी भारतातल्या सरसकट बीसीजी मोहिमेला जाहीर विरोध केला. आणि 1968 मध्ये तमिळनाडूत चिंगलपट इथे सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत दिसले की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही. ल्यूबेकमध्ये दोष प्रयोगशाळेचा होता. लसीत क्षयाचे जिवंत, घातक जंतू मिसळले गेले होते. राजगोपालाचारींची सावधगिरी मला आदरणीय वाटते, कारण लोकांना न विचारता त्यांच्या शरीरावर उपचार लादू नयेत हे खरेच आहे. चिंगलपटचा निष्कर्ष तर मी पूर्ण मान्य करतो, आणि माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. रोग पसरवतात ते मुख्यतः मोठे, आणि लस त्यांना थांबवत नाही. म्हणून 'बाकीच्यांनी टोचून घेतले, आमचे पोर आपोआप वाचेल' हा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक बाळाचे कवच त्याचे त्यालाच मिळावे लागते. आणि मोठ्यांची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही: दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घेणे, आणि बरे वाटू लागले तरी सहा महिन्यांचा औषधाचा कोर्स मधेच न सोडणे, हेही त्यात आलेच.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो: क्षय भुकेचा आजार आहे, मग सुईने काय होणार? झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना पुरेसा आहार दिल्यावर त्यांच्यातले क्षयाचे नवे रुग्ण सुमारे 40 टक्क्यांनी घटले. आपल्या जंगलपट्ट्यापासून झारखंड फार वेगळे नाही. त्यात दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली तर क्षयाचा धोका कितीतरी वाढतो, आणि चंद्रपूर जिल्हा खाणींचा आहे. म्हणजे प्रारब्ध म्हणून खपवले जाणारे बरेच काही कुणाच्या तरी ताटात कमी वाढल्याने आणि कुणाच्या तरी कामावर धूळ न रोखल्याने घडते. दुसऱ्याचे दुःख परस्पर मान्य करण्याची चूक झोपडीतला बाप करतो तशी सरकारही करते, आणि सरकारची चूक मोठी. पण भूक हटेपर्यंत लस थांबवा, असे त्यातून निघत नाही. आज जन्मलेले बाळ तोवर थांबू शकत नाही.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. रोगाला गुन्हेगार हवाच असेल तर तो गावातच सापडतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे करणी-भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण केली गेली. पण म्हणून देव आणि दवाखाना एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये रुग्णालय बांधले, तेव्हा त्याला मा दंतेश्वरीचे, आदिवासींच्या देवीचे नाव दिले. लोक तिथे देवी सोडून येत नाहीत, देवीच्या घरी येतात. महारोग हे पापाचे फळ मानणाऱ्या समाजाला बाबा आमटेंनी वरोऱ्याच्या आनंदवनातून वेगळी वाट दाखवली; आणि कुष्ठाचा जंतू क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग असल्याने बीसीजीने कुष्ठापासूनही काही संरक्षण मिळते.

मात्र श्रद्धाळू बापाकडून एवढी अपेक्षा ठेवायची तर यंत्रणेनेही आपल्या बाजूचे दैव सोडले पाहिजे. बीसीजीच्या एका कुपीत दहा बाळांचे डोस असतात आणि ती एकदा कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. भामरागड तालुक्यातल्या चार घरांच्या टोल्यावर एकच बाळ जन्मते. कुपी वाया जाईल म्हणून आणखी बाळे जमेपर्यंत वाट पाहायची, तेवढ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद व्हायचा, आणि मग त्या बाळाचे महिने तसेच जायचे, हे कुणाचेही प्रारब्ध नाही. कुपी त्या एकट्या बाळासाठी फोडावी आणि नऊ डोस फेकले म्हणून नर्सबाईंना जाब विचारला जाऊ नये.