दोन चित्रांचा ताळा

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्ष दिसले की वाद मिटला, ही त्यामागची समजूत. परंतु जे डोळ्यांना कधीच दिसणे शक्य नाही, त्याचे चित्र समोर आले म्हणजे प्रत्यक्ष कशाला म्हणावे, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

1981 साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोहरर यांनी एक सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. 1986 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या यंत्रात भिंग नाही आणि प्रकाशही नाही. अत्यंत टोकदार सुई पृष्ठभागाला न टेकवता त्याच्या अगदी जवळून फिरवितात आणि मधली पोकळी ओलांडून इलेक्ट्रॉनांचा क्षीण प्रवाह वाहतो. अंतर एका अँगस्ट्रॉमने, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाने वाढले, की हा प्रवाह सुमारे दहापट घटतो. प्रवाह कायम राहील अशा बेताने सुई वरखाली होते. तिच्या चढउतारांचा नकाशा हेच ते चित्र.

हे चित्र अणूंचे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण टर्सॉफ आणि हामान यांनी 1983 साली दाखविले की, सुईला जाणवते ती विशिष्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची घनता. म्हणून ग्राफाइटच्या षट्कोनातील सहा अणूंपैकी बहुधा तीनच उमटतात. गॅलियम आर्सेनाइडच्या एका पृष्ठभागावर विद्युद्दाब एका दिशेने दिला तर आर्सेनिकचे अणू दिसतात, उलट दिशेने दिला तर गॅलियमचे. चित्र खोटे बोलत नाही. मात्र विचारले तेवढ्याचेच उत्तर देते.

यास्तव संशोधक दुसरे चित्र गणिताने काढतात. वॉल्टर कोन आणि त्यांचे सहकारी यांनी 1964 व 1965 साली मांडलेल्या सिद्धान्ताच्या आधारे, अणूंची एक रचना गृहीत धरून इलेक्ट्रॉनांची घनता मोजतात, समान घनतेचा पृष्ठ रेखाटतात आणि तो यंत्राच्या चित्राशेजारी ठेवतात. दोन्ही जुळली तर गृहीत रचना खरी असण्याचा संभव वाढतो.

नीतीचा प्रश्न उद्भवतो तो येथेच. घनतेचा कोणता आकडा धरावा, ऊर्जेचा पट्टा किती रुंद घ्यावा, सुईच्या बोथटपणासाठी चित्र किती पुसट करावे, हे ठरविणे रेखाटणाऱ्याच्या हाती असते. यांतील प्रत्येक निवड समर्थनीय असू शकते. तथापि चित्र जुळेपर्यंत त्या बदलीत गेले, तर त्या जुळण्याने रेखाटणाऱ्याची चिकाटी तेवढी सिद्ध होते. एकही आकडा खोटा नसतो; तरीही साक्ष खोटी ठरते. ज्याला बेरीज किती यावयास हवी हे आधीच ठाऊक असते, त्याचा ताळा नेहमीच जुळतो, हे हिशेबाच्या कागदांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांना सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल की, सुईच्या टोकाचा नेमका आकार सहसा ठाऊक नसतो, तेव्हा काही जुळवाजुळव अटळच आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. जुळवाजुळव हे पाप नव्हे. ती लपविणे हे पाप होय. प्रयोगातील विद्युद्दाबावरून ऊर्जेचा पट्टा आधी ठरवावा. प्रतिस्पर्धी रचनांनाही तीच मापे लावावीत. विद्युद्दाब बदलून घेतलेल्या चित्राशी पुन्हा पडताळा पाहावा. आणि जे जुळले नाही तेही छापावे. दोन भिन्न रचना एकसारखे चित्र देऊ शकतात, म्हणून एवढे करूनही निर्णय संभवाचाच राहतो.

दोन साक्षीदारांचे एकमत मोलाचे ठरते, ते त्यांचे मतभेद होण्याची मोकळीक शिल्लक असेल तरच. गणिताला चुकण्याची संधी न देणारा संशोधक यंत्रापुढे आरसा धरतो आणि त्यात आपलेच मत पाहतो. ज्याची चूक दुसऱ्या कोणाला सहसा पकडता येणार नाही, त्याच्यावर ही मोकळीक राखण्याची जबाबदारी अधिक आहे, असे आम्हांस वाटते.