आगपाखड आणि वाणीचे तप

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही गावे एका ओढ्याच्या अल्याड-पल्याड वसली असून, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या स्त्रिया वाद्यांच्या गजरात त्याच्या काठांवर समोरासमोर उभ्या ठाकतात आणि हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हाच बोरीचा बार. एका पाटलाच्या दोन सवती या ओढ्यावर भांडता भांडता मरण पावल्या, अशी त्याची दंतकथा सांगतात. बार संपला की भांडण मिटले, असा तेथला संकेत आहे.

सभ्य माणूस याला ग्राम्यपणा म्हणून नाक मुरडील, आणि गीतेचा आधारही त्याला मिळेल. कारण सतराव्या अध्यायात उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय व हितकर भाषण हेच वाणीचे तप म्हटले आहे. मात्र सज्जनगडी विसावलेल्या समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तमोगुण वर्णिताना प्रारंभीच संसारदुःख, खेद आणि क्रोध यांना एका पंक्तीत बसविले आहे. निंद्य ठरणाऱ्या क्रोधाच्या मुळाशी बहुधा दुःखच असते.

कृष्णेच्या पुराने, २०१९ साली सांगलीत झाले त्याप्रमाणे, ज्याचे घर धुऊन नेले, तो पंचनाम्यास आलेल्या तलाठ्यावर तोंडसुख घेतो, तेव्हा धरणाचा विसर्ग तलाठ्याच्या अखत्यारीत नसतो हे तो जाणून असतो. त्याला भरपाईच्या आधी दाद हवी असते. आपली हानी दुसऱ्या जिवाने ऐकली, मानली, एवढी साक्ष हवी असते. नामदेव-जनाबाई तर थेट विठ्ठलाशीच भांडले, आणि त्या भांडणाला भक्ती म्हणण्यास कोणी कचरले नाही.

तथापि प्रत्येक संतापाला ही प्रतिष्ठा देता येणार नाही. बाराला दिवस नेमलेला, हद्द आखलेली, आणि समोर तितक्याच ताकदीने उत्तर देणारा प्रतिपक्ष असतो. मुदत आणि हद्द सोडून, उलट बोलण्याची मुभा नसलेल्या बायको-पोरांवर वा हाताखालच्या माणसावर रोज पाखडलेली आग मन हलके करीत नाही. ती सवय होते आणि शेवटी जुलूम ठरते.

म्हणून बोलणाऱ्याने हद्द पाळावी, आणि ऐकणाऱ्याने उपदेशाची घाई न करता आधी ऐकून घ्यावे. वाणीचे तप या दोघांनी मिळून करावयाचे आहे.