चिमणीचे पडणे

सुट्टी विश्रांतीसाठी असते. पण विश्रांती कोणाची, हे आपण क्वचितच विचारतो. विसाव्या शतकाच्या आरंभी चेंबूर हे झाडीत दडलेले खेडे होते आणि तय्यबजी कुटुंब तेथे सुट्ट्या घालवी. मामा अमिरुद्दीन यांच्याकडे वाढणाऱ्या पोरक्या सालीमच्या (जन्म १८९६) हाती त्या वयात छऱ्यांची बंदूक आली. त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे धाडले. त्यांनी पक्ष्यांवरची पुस्तके वाचावयास दिली. १९८५ साली डॉ. सालीम अलींनी आत्मकथेला त्या चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायातली, पित्याच्या नजरेतली चिमणी येथे आठवल्यावाचून राहत नाही. मग हे मरण शास्त्राच्या खाती जमा धरून मोकळे व्हावे काय? मला ते पटत नाही. नेम धरताना त्या मुलाच्या मनात शास्त्र नव्हते. फळ गोड निघाले म्हणून कृत्य मागाहून निर्दोष होत नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही प्राण्यांना विनाकारण मारणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे मानले आहे. मात्र त्या मुलाने वाकून पाहिले, एवढे त्याच्या बाजूने बोलावेच लागेल. बेचकीने पाडलेली पाखरे आम्हीही पिशवीत टाकली. गळा कोणी पाहिला नाही.