फळ सोडायचं कुणी?



आज क्रमाने आलाय गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक. अर्थ सोपा आहे. यज्ञाने संतुष्ट झालेले देव माणसाला हवं ते देतात. पण त्यांनी दिलेलं, त्यांचा वाटा त्यांना न देता, जो एकटाच भोगतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. लगेच पुढच्या श्लोकात सांगतात की जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो, तो पापच खातो.

हा श्लोक कुणाच्या स्टेटसला फारसा दिसत नाही. तिथे असतो दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा, कर्माच्या अधिकाराचा आणि फळाची आशा न धरण्याचा. दोन्हींच्या मधे जेमतेम 36 श्लोक आहेत. सांगणारा तोच, ऐकणारा तोच, रणांगणही तेच. तरी एक आपल्याला तोंडपाठ आणि दुसरा ऐकल्यासारखाही वाटत नाही. आज दोन्ही शेजारी ठेवून वाचूया, आणि वाचताना डोळ्यासमोर ठेवूया मानकोली.

तुमच्यातले बरेच जण ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे. मानकोली म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गावरचा, भिवंडी तालुक्यातला नाका. डोंबिवलीच्या मोठागावहून उल्हास खाडीवरून येणारा नवा पूल इथेच निघतो. तुम्ही इथे कधी उतरला नसाल, पण तुमचं सामान नक्की उतरलं असेल. मोबाइलचा चार्जर, आईसाठी मागवलेली चप्पल, गणपतीच्या सजावटीचे दिवे. उशाशी ठेवलेली गीतेची प्रत ऑनलाइन मागवली असेल, तर कदाचित तीही.

इथे एवढी गोदामं का झाली, याचं कारण साधं आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून. महामार्गाच्या कडेला, आणि न्हावाशेवा बंदरही फार लांब नाही. पूर्वी भाताची खाचरं होती तिथे पत्र्याचे लांबच लांब गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली.

इथल्या माणसांना आपल्या कामाबद्दल काय वाटतं? नाक्यावर चहाला थांबून ऐकलंत तर एकच उत्तर मिळत नाही.

भिवंडी शहरातला यंत्रमागाचा कारागीर मीटरवर पैसे घेतो. बारा तास खडखडाटात उभा असतो, कानांचं काय होतं ते बोलायला नको. पण तार तुटली की एवढ्या आवाजातही त्याला आधी कळतं. "कापड बघून सांगतो, कुणाच्या हातचं आहे," असं म्हणताना त्याची मान जरा ताठ होते. माग बंद पडत चाललेत, पोरांना या धंद्यात आणायचं नाही, हेही तोच सांगतो.

गोदामातल्या पोराला असा ताठा नाही. हातात स्कॅनर, समोर रॅक, तासाला अमुक इतके नग. खोक्यात काय आहे हे त्याला बारकोड सांगतो, कुणासाठी आहे हे कुणीच सांगत नाही. "काम वाईट नाही, पण माझं असं त्यात काही नाही," असं त्यांच्यातला एकजण म्हणाला होता. हे वाक्य ऑफिसात एक्सेल भरणाऱ्या कितीतरी जणांना आपलं वाटेल.

तिसरी माणसं इथल्या मूळ गावांतली. जमीन गोदामाला गेली, भाडं चालू झालं, घरावर मजला चढला. तरी जून उजाडला की नांगरणीचं काहीच करायचं नाही, हे काहींना बोचतं. हातात पैसा आहे आणि हात रिकामे आहेत.

या सगळ्यांना आपण भक्त मंडळी काय सांगतो? काम हीच पूजा. आणि ते खोटं नाही. आपल्या संतांची ओळखच त्यांच्या कामाने होते: सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. दूर काशीत कबीर मागावर बसत होते. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असं आपण कौतुकाने सांगतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातही आपल्या कर्मानेच त्याची पूजा करायला सांगितलंय.

नाक्यावर भेटलेला एक वारकरी घरातला मुलगा हे खरंच करतो. स्कॅनर वाजला की मनात एकदा विठ्ठल. "माळ लागत नाही, मोजायला मशीन आहे," असं म्हणून हसला. मला ते फार आवडलं. मग त्यानेच पुढे सांगितलं की ठेकेदाराकडे दोन महिन्यांचे ओव्हरटाइमचे पैसे अडकलेत आणि तो दर सोमवारी मागायला जातो. शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "अरे, एवढा जप करतोस, मग फळाची आशा कशाला?" पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, जप माझा आहे. पैसेपण माझेच आहेत."

आजचा प्रश्न तिथेच आहे. फळ सोडायचं, पण कुणाचं आणि सोडायचं कुणी?

अर्जुनाला भगवंत सांगतात तेव्हा ते त्याच्या स्वतःच्या मनातल्या फळाबद्दल सांगतात. जय होईल की नाही, लोक काय म्हणतील, पुढे काय होईल. हे फळ आपल्या हातात नसतंच. ते सोडलं की हात मोकळे होतात. तुमचं प्रमोशन, बॉसचं कौतुक, अप्रेझलचं रेटिंग या खात्यात बसतं. ते डोक्यावर घेऊन काम केलंत तर काम बिघडतं आणि झोपही उडते. इथे सत्तेचाळिसावा श्लोक हे औषध आहे, रोज घ्या.

पण ठरलेली मजुरी हे असं फळ नाही. ते एकाचं दुसऱ्याकडे असलेलं देणं आहे. ते सोडायचं की नाही, हे ज्याचं येणं आहे तो ठरवेल. ज्याच्याकडे देणं आहे त्याने समोरच्याला निष्काम व्हायला सांगितलं, तर त्याला उपदेश म्हणत नाहीत. अर्पण करायला वस्तू आधी आपली असावी लागते. आधीच कुणी काढून घेतलेलं देवाला वाहता येत नाही.

संतांच्या यादीत चोखोबांचं नाव घेताना आपण जरा घाई करतो. परंपरा सांगते की मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गेले. साल 1338. नामदेव महाराज अस्थी शोधायला गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली. आज पंढरपुरात नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. कथा ऐकून डोळ्यात पाणी येतं. पण त्या ढिगाऱ्याखाली आणखी मजूर होते, आणि ती भिंत कुणीतरी बांधून घेत होतं. चोखोबांची भक्ती एवढी मोठी की मरणही तिला थांबवू शकलं नाही, हे खरंच. म्हणून कच्ची भिंत पवित्र होत नाही.

हे सातशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. 29 एप्रिल 2023, शनिवार. मानकोलीजवळ वळपाड्यात एक इमारत दुपारी कोसळली. खाली गोदाम होतं, तिथे माणसं कामावर होती; वर कुटुंबं राहत होती. आठ जण गेले. एकाला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. सोमवारी 1 मे होता, कामगार दिन.

अशा ठिकाणी उभं राहून मला "काम हीच पूजा" म्हणवत नाही. निदान आधी ते म्हणवत नाही. आधी विचारावंसं वाटतं की छप्पर पक्कं आहे ना, बाहेर पडायचा दरवाजा उघडा आहे ना, पगार वेळेवर होतो ना. देव्हारा मांडतानाही आपण आधी जागा पुसून घेतो.

आता तिसऱ्या अध्यायातला तो बारावा श्लोक परत वाचा. दुसऱ्या अध्यायात भगवंत काम करणाऱ्याशी बोलतात: फळात अडकू नकोस. तिसऱ्यात ते उपभोग घेणाऱ्याकडे वळतात: ज्याचा वाटा आहे त्याला तो दिल्याशिवाय खाऊ नकोस. दोन्ही मिळून कर्मयोग होतो. पहिलं दुसऱ्याला ऐकवायचं आणि दुसरं स्वतः विसरायचं, असं केलं तर हातात अर्धीच गीता उरते, आणि ती नेमकी आपल्या सोयीची अर्धी असते.

श्लोकात वाटा देवांचा आहे, मजुरांचा नाही, असं कुणी म्हणेल. मान्य. पण त्याच अध्यायात पुढे चक्र सांगितलंय: अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. म्हणजे चक्राच्या बुडाशी कुणाचं तरी कर्म आहे. माझ्या दारात खोकं येतं तेव्हा त्या चक्रात उचलणारे, लावणारे, बांधणारे, चालवणारे किती हात लागलेले असतात! त्यांचा वाटा न देता मी देवाला नैवेद्य दाखवला, तर तो नैवेद्य तरी माझा कसा?

हा वाटा नुसत्या दयेवर सोडायचा नाही, हे महाराष्ट्राला एकदा कळलं होतं. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचं मोठं काम होतं. नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधीची सोय. त्या कायद्यात कुठेही देवाचं नाव घेऊन उपदेश नाही. पण बाराव्या श्लोकाला जे हवं आहे, ते त्यात आहे.

मग गोदामातल्या त्या पोराने जप करावा की पैसे मागावेत? तो दोन्ही करतोय, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. जपाने त्याचं मन ठेकेदाराच्या ताब्यात जात नाही. मागण्याने त्याची मजुरी ठेकेदाराच्या घशात जात नाही. देणेकऱ्याला चोर होऊ न देणं, हीसुद्धा त्याची एक सेवाच म्हणा.

आजच्या साधनेसाठी तीन छोट्या गोष्टी. एक, आज आपल्या कामातल्या एका गोष्टीचं फळ खरंच सोडून बघा. पाठवलेल्या मेलला उत्तर आलं का, हे दर पाच मिनिटांनी बघू नका. दोन, कुणाचे पैसे आपल्याकडे राहिले असतील, घरकामाच्या मावशींची मागे ठेवलेली पगारवाढ असेल, इलेक्ट्रिशियनचे दोनशे रुपये असतील, ते संध्याकाळच्या आरतीआधी द्या. तीन, दारात पार्सल घेऊन आलेल्याला पाणी विचारा. घाईची गरज नसेल तर उद्याच पाहिजे हा पर्याय निवडू नका. आपली ती एक रात्र कुणाच्या तरी पाठीवरून येते.

उद्या तेरावा श्लोक, स्वतःपुरतं शिजवणाऱ्यांचा. तोवर दुसरी गोष्ट तेवढी उरकून घ्या.

राम कृष्ण हरी.