अर्ध्या घटकेचे प्रत्यक्ष

मोटारसायकल विकत घेण्यापूर्वी ती चालवून पाहण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे आता पक्का रुजला आहे, आणि ज्याला सारे लोक ‘टेस्ट राइड’ याच नावाने ओळखतात, तो वरवर पाहता व्यापारातील एक सोय वाटतो. परंतु त्या अर्ध्या घटकेच्या फेरीत माणसाला नेमके काय कळते, जे कळले ते खरे आहे हे त्याला कशावरून कळते, आणि त्या कळण्याच्या बळावर अडीच-तीन लाखांचा व्यवहार व पुढील कित्येक वर्षांचा सहवास पत्करणे कितपत युक्त आहे, हे प्रश्न एकदा मनात उभे राहिले की, शोरूमच्या काचेच्या दारातून आपण थेट नैयायिक आणि मीमांसक यांच्यात शतकानुशतके चाललेल्या एका जुन्या तंट्यात जाऊन पडतो.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून चारशे सीसीच्या आसपासच्या तीन गाड्या समोर ठेवू. केटीएमची ३९० ड्यूक, ट्रायम्फची स्पीड ४०० आणि रॉयल एन्फिल्डची गुरिल्ला ४५० या तिन्ही ‘नेकेड’ जातीच्या, म्हणजे वारा अडवणारे कवच नसलेल्या, इंजिन आणि सांगाडा उघडा टाकणाऱ्या गाड्या होत. पहिलीचे कुळ ऑस्ट्रियाचे आणि दुसरीचे इंग्लंडचे असले तरी दोघी बाहेर पडतात त्या आपल्या चाकणच्या बजाज कारखान्यातून, तिसरी चेन्नईकडची. ड्यूकच्या ३९९ सीसी इंजिनाची शक्ती सुमारे ४६ अश्वशक्ती, उरलेल्या दोघींची सुमारे ४०. वजने अनुक्रमे १६८, १७६ आणि १८५ किलोंच्या घरात. सीटची उंची ८००, ७९० आणि ७८० मिलिमीटर. सरकारी करआकारणीत ३५० सीसीची जी रेषा आखलेली आहे, तिच्या पलीकडे तिघीही पडतात, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्या रेषेपलीकडे ४० टक्के कर आहे. तेव्हा या बाबतीत तरी त्यांच्यात भेदभाव नाही.

हा जो तपशील मी आता मांडला, तो सारा शब्दप्रमाणाच्या खात्यात जमा होतो. कंपनीने सांगितले, आपण ऐकले. न्यायसूत्रांत वेदप्रामाण्याविषयी एक विलक्षण युक्तिवाद आहे: मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ येथेच दिसते, आणि ज्या आप्तांचे ते वचन खरे ठरले त्यांचेच अदृष्टाविषयीचे वचनही विश्वसनीय मानावे. शोरूममध्ये आपण अजाणता हाच युक्तिवाद करीत असतो. सीटची उंची ७९० मिलिमीटर आहे हे मी गाडीवर बसून, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात की नाही ते पाहून, तेथल्या तेथे ताडून घेऊ शकतो. परंतु त्याच पत्रकात सर्व्हिसिंगची मुदत १६,००० किलोमीटर आहे असे जेव्हा ट्रायम्फवाले लिहितात, तेव्हा ते विधान आजच्या दिवसापुरते तरी अदृष्टार्थच असते. उंचीबाबत ज्याने खरे सांगितले तो मुदतीबाबतही खरेच सांगत असेल, ही आपली श्रद्धा. आणि ती अगदीच आंधळी आहे असे मला वाटत नाही.

खरी अडचण प्रत्यक्षापाशी आहे. किल्ली फिरवून, क्लच सोडून गाडी रस्त्याला लागली, दुसऱ्या गिअरमध्ये तिने एक हिसडा दिला, आणि हेल्मेटच्या आत स्वाराच्या तोंडून ‘हीच!’ असा उद्गार निघाला. हे ज्ञान झाले खरे. पण ते प्रमाण की अप्रमाण? नैयायिकांचे म्हणणे असे की, ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानाबरोबर येत नाही, ते बाहेरून, परतः सिद्ध होते. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्याच्या प्रारंभीच सांगून ठेवले आहे की, प्रमाण अर्थवान ठरते ते त्यावर विसंबून केलेल्या प्रवृत्तीला फळ येते म्हणून. दुरून पाणी दिसले, तहानलेला मनुष्य तेथवर गेला, प्याला, तहान भागली. तेव्हा कुठे ते दिसणे खरे. हे मत अत्यंत समंजस आहे, फक्त आपल्या प्रसंगी ते निरुपयोगी आहे. कारण ड्यूक माझ्या कंबरेला मानवते की नाही, याचे फळ पदरात पडायचे तर ती आधी विकत घ्यावी लागते, आणि विकत घ्यावी की नाही हाच तर मूळ प्रश्न होता. पुढच्या काळातील नैयायिक गंगेशाने यातून एक वाट काढली आहे: परिचयाच्या विषयात नवे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानांच्या जातीचे आहे, एवढ्यावरून त्याचे प्रामाण्य अनुमानता येते. ज्याच्या हाताखालून अनेक गाड्या गेल्या, त्याला क्लचच्या ओढीवरून पुढचे बरेचसे अनुमान करता येते ते असे. परंतु दीडशे सीसीवरून प्रथमच चारशेवर येणाऱ्या तरुणाला हा आधार नाही.

मीमांसक याच्या उलट टोकाला उभे आहेत. ज्ञान उपजते तेच प्रमाण म्हणून, स्वतः. त्याच्या खरेपणासाठी दुसरे ज्ञान मागाल तर त्या दुसऱ्यासाठी तिसरे मागावे लागेल आणि अनवस्थाप्रसंग ओढवेल. ही अनवस्था केवळ ग्रंथातील नव्हे. पहिल्या फेरीची खात्री करण्यासाठी दुसरी, दुसरीची करण्यासाठी दुसऱ्या शोरूममधली तिसरी, असे करीत पावसाळ्यामागून पावसाळे घालवणारे आणि अखेर कोणतीच गाडी न घेणारे गृहस्थ पुण्यात मुबलक आहेत. त्यांना मी मनातल्या मनात नैयायिक म्हणतो, न्यायसूत्रकार गौतममुनी मला क्षमा करोत.

मात्र मीमांसकाची भूमिका म्हणजे पहिल्या हिसड्याला शरण जाण्याचा परवाना नव्हे. कुमारिल भट्टांनी स्वतःप्रामाण्याच्या जोडीलाच हेही सांगितले की, ज्ञानाचा बाध दोन मार्गांनी होतो: एक, विरुद्ध ज्ञान उत्पन्न झाले तर, आणि दुसरा, ज्या कारणांनी ज्ञान उपजले त्या कारणांतच दोष आढळला तर. माझ्या मते टेस्ट राइडचे अवघे शास्त्र या दोन मार्गांत सामावलेले आहे, आणि ती फेरी आनंद शोधण्यासाठी नसून बाधक शोधण्यासाठी आहे, एवढे ध्यानी आले तर तिचा कायापालट होतो. विक्रेता ज्या गुळगुळीत रस्त्याकडे बोट दाखवतो तेथे बाधक भेटत नाही. तो भेटतो खड्ड्यांच्या गल्लीत, भाजीबाजाराच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर सरकताना, सिग्नलला उभे राहिल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू होऊन मांड्यांवर गरम झोत येऊ लागतो तेव्हा. तिन्ही इंजिने एकाच सिलिंडरची. बॅलन्सर शाफ्ट असूनही विशिष्ट आरपीएमला हँडलमध्ये एक बारीक कंप उरतोच, आणि तो नेमका आपण महामार्गावर ज्या वेगाने तासन्तास जाणार त्याच वेगाला येतो काय, हे पाहण्यासाठी त्या वेगावर थोडे स्थिर राहावे लागते. हिसड्यांत रमलेल्याला ते कधीच कळत नाही. ड्यूकची ४६ अश्वशक्ती प्रकटते ती ८,५०० आरपीएमला. गुरिल्लाचा सारा जोर ५,५०० लाच हजर होतो. वरंध घाटाच्या वळणांवर आणि पुण्याच्या रहदारीत यांपैकी कोणता जोर अधिक वेळा कामी येतो, याचा विचार करता मी स्वतः दुसऱ्याच्या बाजूला झुकतो. पण तो झुकाव माझ्या वयाचाही असेल.

दुसरा मार्ग, कारणदोषाचा, अधिक सूक्ष्म आहे. टेस्ट राइडची गाडी अनेकांच्या हाती पडून हैराण झालेली असते: क्लच घासलेला, चेन सैल, टायरांत हवा कमी. हवा कमी असली की हँडल जड लागते, आणि नवखा स्वार तो दोष गाडीच्या जातीवर ढकलून मोकळा होतो. खुद्द ज्ञात्याच्या ठिकाणचे दोष तर याहून वाईट. ड्यूकवरून उतरून लगेच गुरिल्लावर बसावे तर ती आळशी वाटते. सव्वाशे सीसीवरून उतरून बसावे तर तीच झंझावात वाटते. गाडी तीच, रस्ता तोच. फिरले ते इंद्रिय. म्हणून मी म्हणतो की, तिघींची फेरी एका दिवशी, उलटसुलट क्रमाने घ्यावी आणि निघण्यापूर्वी हवा तपासून घ्यावी; कुमारिलांना पंपावरची हवा ठाऊक नव्हती, पण त्यांचा अभिप्राय यापेक्षा निराळा नसता.

येथे एखादा धर्मशील वाचक विचारील की, हा सारा प्रेयाचाच पसारा नव्हे काय? कठोपनिषदात यमाने नचिकेताला रथ देऊ केले आणि त्या बालकाने ते तेथल्या तेथे नाकारले. खरे आहे, पण त्याच उपनिषदाला पुढे आत्मा समजावून सांगण्यासाठी रथच लागला, शरीर रथ आणि बुद्धी सारथी अशी योजना करावी लागली, हेही विसरू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नचिकेताने रथ नाकारले ते एकही न चालवता, हे सारे उद्यापर्यंतचे आहे एवढ्या विचारावर. अवघी जातच नाकारायची तर प्रत्यक्षाची गरज नाही, विवेक पुरतो. जातीच्या आत निवड करायची तेव्हा मात्र विवेक प्रत्यक्षावाचून पांगळा. संन्याशाला टेस्ट राइड लागत नाही. गृहस्थाला लागते, आणि त्याने ती हलगर्जीपणे केली तर त्यामुळे तो संन्याशाच्या जवळ जातो असे नाही.

आणि गृहस्थाचा प्रश्न एकट्याचा नसतो. आपल्याकडे मोटारसायकल बहुधा डबलसीट चालते, आणि या तिन्ही गाड्यांची मागची सीट ही पुढच्या सीटच्या मानाने उरलेल्या जागेत बसवलेली. तेथे गुडघे किती दुमडतात, ब्रेक लागताच अंग किती पुढे घसरते, हे चालवणाऱ्याला प्रत्यक्षाने कळण्याचा मार्ग नाही. ते शब्दावरूनच घ्यावे लागते. टेस्ट राइडच्या वेळी मागे बसतो तो शोरूमचा मुलगा, आणि विचारले तर तो ‘एकदम आरामात, सर’ म्हणून साक्ष देतो. आप्त होण्यासाठी वात्स्यायनाने दोन गोष्टी मागितल्या आहेत: विषयाचा साक्षात्कार, आणि जसे पाहिले तसे सांगण्याची इच्छा. त्या बिचाऱ्याला साक्षात्कार तर दिवसातून कैक वेळा घडतो. जिची साक्ष दोन्ही अंगांनी ग्राह्य ठरेल ती त्या वेळी आत सोफ्यावर, शोरूमचा फुकटचा चहा घेत बसलेली असते. तिला मागे बसवून त्या खड्ड्यांच्या गल्लीतून एक फेरी मारल्यावाचून, विक्रेत्याने नियमांचे कितीही दाखले दिले तरी, विसाराची पावती फाडू देऊ नये.